दीड तासाचा निबंध

गाझियाबादच्या वैशालीहून दिल्ली मेट्रोची ब्लू लाइन धरली की करोल बागेपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. जुलै 2011मध्ये मेट्रो वैशालीला पोहोचली आणि करोल बागेशेजारच्या राजेंद्रनगरचं खोलीभाडं न झेपणारी, यूपीएससीची तयारी करणारी काही मराठी मुलं गाझियाबादेत राहू लागली. मी नोकरीमुळे इथेच स्थायिक झालेलो. रविवारी मुलं आमच्याकडे घड्याळ लावून निबंध लिहीत आणि मी ते तपासत असे. त्या वर्षांकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट पक्की वाटते: काय गाळायचं हे ज्याचं आधी ठरलेलं असेल, त्याचाच निबंध वेळेत पुरा होतो.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर 1993मध्ये आला. तीन तास, एकच निबंध, 200 गुण. 2013मध्ये गुण 250 झाले. 2014पासून त्याच तीन तासांत दोन निबंध आले. प्रत्येकी हजार-बाराशे शब्द आणि 125 गुण. एका निबंधाच्या वाट्याला उरला दीड तास.

सुरुवातीला मुलं पहिल्याच निबंधात अडकायची. मराठवाड्यातल्या एका मुलाला शेतीवरचा विषय मिळाला. इतिहासातच त्याची तीन पानं गेली, कर्जाचा आणि पाण्याचा प्रश्न शेवटच्या पानावर दाटीवाटीने आला, आणि दुसऱ्या निबंधाचे नुसते मुद्देच लिहून झाले. शेतीतलं त्याच्याएवढं आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं, पण ते कागदावर उतरलं नाही. मग आम्ही शिस्त घातली. पहिली वीस मिनिटं फक्त कच्च्या पानावर काम करायचं. सुचेल ते लिहायचं, प्रत्येक मुद्द्यापुढे एक उदाहरण मांडायचं, उदाहरण नसलेला मुद्दा खोडायचा. मराठीत लिहिणाऱ्यांना या वीस मिनिटांची गरज जास्तच. उत्तर मराठीत लिहिता येतं, पण प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते.

पुढे विषयांचा तोंडवळा बदलला. महिला सक्षमीकरण, शिक्षण असे पाठ करून ठेवलेले निबंध कामाचे राहिले नाहीत. जहाज बंदरात सुरक्षित असतं, पण ते त्यासाठी बांधलेलं नसतं, अशा आशयाचा विषय 2022मध्ये आला. सरावात रत्नागिरीच्या एका मुलीने त्यावर मिरकरवाडा बंदर उभं केलं. पावसाळी बंदीत होड्यांची डागडुजी होते, जाळी विणली जातात. म्हणजे बंदरातला काळही कामाचाच, असं तिचं म्हणणं. तिचा निबंध वेळेआधी संपला, कारण तिला आठवायचं काहीच नव्हतं, ते सगळं तिने पाहिलेलं होतं.

महाराष्ट्रात याच काळात उलटं चाललं होतं. 2012पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी वस्तुनिष्ठ झाली आणि निबंध भाषेच्या पेपरपुरता उरला. ती तयारी करून इकडे आलेल्या मुलांची बोटं तासाभरात आखडायची. आमच्यासोबत बसणारी गाझियाबादची हिंदी मुलं मात्र उत्तर प्रदेशच्या राज्यसेवेसाठी तीन तासांत सातशे शब्दांचे तीन निबंध लिहायची. एमपीएससीने 2022मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली, पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि अंमलबजावणी 2025वर गेली. विद्यार्थ्यांची धास्ती समजण्यासारखी होती. दहा वर्षं गोल काळे करायला लावल्यावर हात एकदम कसा वळणार?

आता एमपीएससीतही निबंधाला 250 गुण आहेत. पुण्या-दिल्लीला जाऊन राहणं सगळ्यांना परवडत नाही आणि या पेपरसाठी त्याची गरजही नाही. तालुक्याच्या अभ्यासिकेने रविवारचे तीन तास राखून ठेवावेत, मुलांनी दोन विषय घड्याळ लावून लिहावेत आणि गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने ते समोर बसवून तपासावेत. आठवड्यामागून आठवडा हे होत राहिलं, तर परीक्षेतला दीड तास पुरतो.