चार्जिंग पोर्ट दगा देऊ लागल्यास

केबल जोडूनही मोबाइलचे चार्जिंग मध्येच तुटत असेल, तर त्याला अनेकदा खिशातील कापडाचे तंतू कारणीभूत असतात. केबल खुपसताना ते दरवेळी तळाशी दाबले जाऊन त्यांचा घट्ट थर बनतो आणि प्लग शेवटपर्यंत बसत नाही. 2014 मध्ये जाहीर झालेल्या यूएसबी टाइप-सी रचनेत पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते व तिच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी 12 संपर्कपट्ट्या, म्हणजे वीज आणि डेटा वाहून नेणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात. प्लग धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग मात्र केबलच्या टोकात असल्याने प्रथम दुसरी केबल लावून पाहणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर फोन बंद करून लाकडी टूथपिकचे टोक जिभेला धक्का न लावता कडेकडेने फिरवावे आणि तंतू अलगद बाहेर ओढावेत. टाचणी कटाक्षाने टाळावी, कारण तिने पट्ट्या वाकतात. तोंडाने फुंकर घातल्यास आत ओलावा जातो. एवढे करूनही केबल डुगडुगत राहिली, तर पोर्ट बदलावा लागतो: अनेक फोनमध्ये तो चार्जिंग बोर्ड नावाच्या वेगळ्या छोट्या पट्टीवर बसवलेला असल्याने हे काम सोपे असते, परंतु तो मुख्य बोर्डलाच डाग देऊन जोडलेला असल्यास सोल्डरिंगचा हात बसलेला कारागीरच गाठावा.