सहाव्या वर्षाची दाढ आणि आमच्या तीन चुका

तत्त्वज्ञानाचा माणूस दाढांवर काय बोलणार, ही शंका तुमच्या चेहऱ्यांवर दिसतेच आहे. रास्त आहे. दाढ कशी भरायची हे दाताचे डॉक्टर सांगतील. आम्ही बोलणार आहोत ते घरातल्या मोठ्यांच्या विचारात होणाऱ्या चुकांबद्दल, कारण त्या आम्ही स्वतः केल्या.

आमची नात लालबागला राहते. साडेसहा वर्षांची होती तेव्हा थंड पाणी प्यायची नाही, ब्रश मागे नेला की रडायची. टॉर्च लावून पाहिले तर खाली अगदी मागे पिवळट-तपकिरी दाढ, एक कोपरा तुटलेला. घरात लगेच तीन निकाल लागले. आजीचा निकाल, 'गोड फार खाते.' आईचा, 'ब्रश नको म्हणून नाटक करते.' आणि आमचा, 'दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप.' तिन्ही निकाल चुकीचे निघाले.

आमच्या चुकीपासून सुरुवात करू. ती दुधाची दाढ नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. दुधाचा दात पडून त्या जागी ती येत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. आणि ती तर जन्मभर वापरायची.

आता आजीचा निकाल. न्यायशास्त्रात उदाहरण असते, डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. हे अनुमान चालते, कारण अग्नीशिवाय धूर कुठे आढळत नाही. 'दाढ बिघडली, म्हणजे गोड खाल्ले' हेही आपण त्याच थाटात म्हणतो. पण गोड न खाताही दाढ बिघडलेली आढळते. मग तो हेतू सव्यभिचारी झाला, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मग खरे कारण काय? या दाढांचे इनॅमल, म्हणजे दंतवल्क, जन्माच्या सुमारास घडू लागते आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पुरे होते. चांगल्या इनॅमलमध्ये वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज असते. आधी साचा तयार होतो, मग त्यात खनिज भरून तो टणक होतो. हे दुसरे काम बिघडले तर जाडी पुरेशी, पण आतून खडूसारखे भुसभुशीत. परळ-गिरगावात नवे टॉवर उठताना आपण पाहतो, स्लॅब टाकल्यावर पाणी मारावे लागते. ते नीट झाले नाही तर स्लॅब दिसतो पुरा, पण कच्चा राहतो. तसेच हे. बाळंतपणातली अडचण, पहिल्या तीन वर्षांतले आजारपण, आनुवंशिकता, अशा अनेक गोष्टींचा संबंध दिसतो. एकच एक कारण नाही. त्यामुळे आईला बोल लावण्यात अर्थ नाही. समोरचे पटाशीचे दात त्याच काळात घडतात, म्हणून त्यांवरही पांढरे-पिवळे डाग दिसतात. याला 2001 साली नाव मिळाले, मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच. जगभरात साधारण सात-आठ मुलांमागे एकाला हे असते.

अर्थात, गोडाला मोकळीक नाही हं! अशा कच्च्या दाढेत कीड लवकर शिरते.

तिसरा निकाल, नाटकाचा. भुसभुशीत इनॅमलमधून थंड-गरम आत पोचते आणि आतली नस चिडलेली असते. भुलीचे इंजेक्शनही अशा दाढेवर कधी कधी पुरते लागू पडत नाही. मूल खरेच दुखते म्हणून रडते. आपण त्याला नाटकी म्हणतो, आणि त्याला दवाखान्याचीही भीती बसते.

आता दुरुस्ती. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, म्हणून ते पुन्हा उगवत नाही. दोष थोडा असेल तर फ्लोराइडचा लेप देतात, दाढेच्या खाचा बुजवतात. दाढ पुरती वर आली नसेल तर तूर्त ग्लास आयोनोमर सिमेंट. त्यापुढचे कॉम्पोझिट फिलिंग, पण ते चिकटते चांगल्या इनॅमलला. पोपडे आलेल्या भिंतीवर गिलावा केला तर पोपड्यासकट खाली येतो, तसे कडेने तुटते. म्हणून डॉक्टर कड निरोगी भागापर्यंत नेतात. जास्त कोरले तर दात जातो, कमी कोरले तर फिलिंग जाते. कसब आहे ते इथे. दाढ बरीच ढासळली असेल तर स्टीलची तयार कॅप, बहुधा फार न कोरता बसते. मूल मोठे झाल्यावर कायमची कॅप करता येते.

आणि वाचण्यासारखी नसेल तर काढणे. पण त्यालाही वेळ आहे. साधारण आठ ते दहाव्या वर्षी काढली, तर मागची बारा वर्षांची दाढ पुढे सरकून जागा भरण्याची शक्यता असते. त्यासाठी एक्स-रे आणि दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला हवा. 'पडेल आपोआप' म्हणत आपण नेमकी हीच वर्षे घालवतो.

आपल्या भागातून जाणे अवघड नाही. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

आमच्या नातीला दोन कॅप बसल्या. ती त्यांना 'चांदीच्या दाढा' म्हणते, आल्यागेल्याला तोंड उघडून दाखवते, आणि परवा फ्रिजचे पाणी गटागटा प्यायली. आम्ही तिला म्हटले, 'बाळा, आजोबांचं चुकलं.' ती म्हणाली, 'आजीचं पण.'

तर मंडळी, घरी सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री टॉर्च घ्या आणि शेवटची दाढ बघा. निकाल नंतर.