पकडणे सोपे, सोडवणे कठीण

पानवाल्याकडून थोडा चुना आणा. तो पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी, म्हणजे चुन्याची निवळी, दुसऱ्या ग्लासात हलकेच ओता. आता नळीने तिच्यात फुंका. (निवळी तोंडात ओढू नका हं!) थोड्याच वेळात ती दुधासारखी पांढरी होईल. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने पकडला.

मग धुरातला हा वायूही चुन्यानेच का पकडू नये? आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळया बनतात. त्या भट्ट्या विजेवर चालतात. पण वीज कुठून येते? परळी वैजनाथसारख्या केंद्रांत त्यासाठी दगडी कोळसा जळतो. त्या धुराच्या १०० भागांत साधारण १२ ते १५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. या वायूमुळे पृथ्वी तापत आहे. उष्णता वाढली की आपल्या मोसंबीच्या बागांना पाणीही जास्त लागते.

अडचण पकडण्यात नाही, सोडवण्यात आहे. पकडलेला वायू वेगळा काढून साठवायचा आणि तोच पदार्थ पुन्हा वापरायचा, तरच खर्च परवडेल. पण चुन्याने धरलेला वायू सोडवायला सुमारे ९०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. त्यासाठी पुन्हा कोळसा जाळायचा का?

म्हणून वायूला सैल हाताने धरणारा पदार्थ हवा. मिठात धन आणि ऋण आयन असतात, हे तुम्ही शिकला आहात. साधे मीठ ८०१ अंशांना वितळते. पण काही क्षार १०० अंशांच्या आतच द्रवरूप असतात. त्यांना आयनी द्रव म्हणतात. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत कार्बनवर किंचित धन आणि ऑक्सिजनवर किंचित ऋण भार असतो. म्हणून आयन त्याला ओढतात. नायट्रोजनला मात्र ते फारसे ओढत नाहीत.

हे द्रव काकवीसारखे घट्ट असतात, म्हणून वायू त्यांत सावकाश शिरतो. तसबीहचे सुटे मणी आठवा. ते घरंगळतात, दोऱ्यात ओवले की एकत्र राहतात. तसेच हे आयन लांब साखळीत जोडले की घन बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तयार होतो. २००५ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना असे आढळले, की ही साखळी मूळ द्रवापेक्षा जास्त वायू शोषते, तोही लवकर. आणि दाब कमी केला की सगळा सोडून देते! घन पदार्थ द्रवापेक्षा चपळ निघावा, याचे मला अजून नवल वाटते.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही असे पॉलिमर तयार झाले. तेथील शास्त्रज्ञांनी साखळीवरचे ऋण आयन बदलून पाहिले, तेव्हा वायू शोषण्याची ताकदही बदलली. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेतला वायू शुद्ध असतो. चिमणीच्या धुरात मात्र वाफ, राख आणि गंधकाचे वायूही असतात. त्यांच्यात हा पदार्थ हजारो वेळा वापरून टिकला पाहिजे, आणि त्याची किंमतही कारखान्याला परवडली पाहिजे.