‘हे तुमच्या सिलॅबसबाहेरचं आहे’

टीवाय बीएस्सीच्या वर्गात कुणी गुरुत्वीय लहरींबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ते सिलॅबसबाहेरचं आहे. आधी एमएस्सी करा, टेन्सर शिका, मग बघू.’ विद्यार्थी असताना मी हे ऐकलं, शिकवायला लागल्यावर स्टाफरूममध्ये ऐकलं, आणि परवा एका कार्यशाळेत पुन्हा ऐकलं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण विधान चूक आहे, आणि ते ऐकून चांगली मुलं ‘हे आपलं काम नव्हे’ असं धरून चालतात. म्हणून सगळ्यांत अवघड वाटणारं उदाहरणच घेऊ.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगोच्या वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ला ती जाहीर झाली, आणि त्या क्षणाभोवतीची ३२ सेकंदांची नोंद सर्वांसाठी खुली झाली. सेकंदाला ४०९६ आकडे धरले तर एकूण १,३१,०७२. ही फाइल साध्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये उघडते. नको त्या वारंवारिता गाळल्या की सुमारे ०.२ सेकंदात आठेक हेलकावे दिसतात. त्यांची वारंवारिता ३५ हर्ट्झपासून चढत १५० हर्ट्झपर्यंत जाते आणि तिथे लहर सर्वांत उंच होते.

आता यात टेन्सर कुठे लागला?

अशी लहर एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन जड वस्तूंपासून निघते. ही जोडी लहरींवाटे ऊर्जा गमावते, कक्षा आक्रसते आणि फेरे जलद होतात. ऊर्जा किती वेगानं जाते हे सांगणारं एक सूत्र आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून घ्यावं लागतं. बाकी सगळं न्यूटन, केप्लर आणि एक साधं इंटिग्रेशन. ते केलं की असं निघतं: प्रत्येक क्षणीच्या वारंवारितेचा उणे आठ-तृतीयांश घात काढून तो वेळेविरुद्ध मांडला, तर सरळ रेषा येते. लोलकाच्या प्रयोगात आपण आवर्तनकाळाचा वर्ग विरुद्ध लांबी असा ग्राफ काढतो आणि उताराहून गुरुत्वत्वरण मिळवतो. हाही ग्राफ त्याच जातीचा. इथल्या उतारातून दोन वस्तुमानांचं एक ठरावीक मिश्रण हाती येतं, ज्याला चर्प वस्तुमान म्हणतात. ते सूर्याच्या सुमारे ३० पट भरतं. दोन्ही वस्तू समान मानल्या तर एकूण वस्तुमान ७० सूर्यांच्या आसपास.

खरी गंमत पुढे आहे. एका फेऱ्यात दोन लहरी निघतात, म्हणून १५० हर्ट्झला ती जोडी सेकंदाला ७५ फेरे घेत होती. केप्लरच्या नियमात ७० सूर्य आणि ७५ फेरे घाला: दोघांमधलं अंतर येतं सुमारे ३५० किलोमीटर. आपल्या एकट्या सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आहे. श्वेतबटूही हजारो किलोमीटरचे असतात. न्यूट्रॉन तारा पुरेसा लहान असतो, पण त्याचं वस्तुमान तीनेक सूर्यांपलीकडे जात नाही. मग एवढ्या जवळ, एवढी जड, तरीही एकमेकांना न भिडलेली वस्तू उरते एकच: कृष्णविवर. हा निष्कर्ष एफवायच्या केप्लरनं निघतो.

ही माझी हातचलाखी नाही. लायगो आणि व्हर्गो या दोन वेधशाळा-प्रकल्पांच्या शास्त्रज्ञांनीच हे गणित २०१७मध्ये ‘अनालेन डेर फिजिक’मध्ये छापलं, तेही भौतिकशास्त्राची सर्वसाधारण ओळख असलेल्या वाचकासाठी. सापेक्षतेवरचे आइन्स्टाइनचे मूळ निबंध याच नियतकालिकात आले होते.

‘पण ते एक सूत्र तुम्ही उसनं घेतलंत ना?’ हो, घेतलं. स्टीफनचा नियमही आपण प्लँकपासून सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी वापरायला लावतो, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. मर्यादा आहेच. ३६ आणि २९ सूर्य अशी वेगवेगळी वस्तुमानं मिळवायला, किंवा विलीन होतानाचा शेवटचा क्षण मांडायला संगणकावर सापेक्षतेची समीकरणं सोडवावीच लागतात; तिथे न्यूटन पुरत नाही. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगायचं. पण संशोधनाचं शेवटचं टोक अवघड आहे म्हणून पहिलं पाऊलही टाकू द्यायचं नाही, हे मला मान्य नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शोधनिबंध विकत घ्यावे लागतात? आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर भौतिकशास्त्राचे निबंध १९९१पासून फुकट आहेत. निबंध पहिल्या ओळीपासून कळलाच पाहिजे? संशोधकही आधी सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष पाहतात. व्हिडिओ पाहिले की झालं? ओळख होते, आकडा हाताला लागत नाही. पदवीच्या मुलांना दारं बंद? होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, पुण्यात एनसीआरए आणि आयुका यांची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा, ही सगळी दारं त्यांच्यासाठीच आहेत. हे सगळं परदेशातलं? गोंगाटातून असे संकेत शोधायला कोणत्या गाळण्या वापराव्यात यावर पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१मध्येच निबंध लिहिला होता. लायगो-इंडियाची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २०२३मध्ये मंजुरी दिली.

शेवटी सहकारी विचारतात, वेळ कुठून आणायचा? आम्हाला दोन प्रॅक्टिकलं लागली. पहिलं फाइल उघडून गोंगाट गाळण्यात गेलं, दुसऱ्यात ग्राफ झाला.