मुलाची पहिली स्टंट स्कूटर

सोसायटीच्या आवारात स्कूटर पळवणारी आठ-नऊ वर्षांची मुलं एक दिवस पायरीवरून उडी मारतात. मग लवकरच हँडल खडखडायला लागतं आणि घरात नव्या स्कूटरची मागणी होते. अशा वेळी पुष्कळ पालक पुन्हा घडीचीच, फक्त जरा महागातली स्कूटर आणतात. ते पैसे वाया जातात.

घडीची स्कूटर मुळात उड्यांसाठी नाहीच. विम औबोटर या स्विस गृहस्थांना झुरिकमध्ये आवडत्या सॉसेजच्या दुकानापर्यंत जायचं असे. चालत जायला अंतर जास्त, गाडी काढायला कमी. त्या गरजेतून त्यांनी घडी करून काखोटीला मारता येईल अशी स्कूटर घडवली आणि २०००च्या सुमारास ती जगभर पसरली. पोरांनी ती थेट स्केटपार्कमध्ये नेली. तिथे उडीचा सगळा धक्का बिजागरीवर यायचा आणि बिजागरी तुटायची. म्हणून स्टंट स्कूटरला घडी नसते आणि हँडलची उंची कमी-जास्त करायची सोयही नसते. वाढत्या अंगाचं माप शोधणाऱ्या आईबापांना हे खटकतं, पण मजबुती त्यातूनच येते.

दुकानात रंग आणि स्टिकर नंतर बघा. आधी हँडलचा दांडा, पुढचा फोर्क आणि पाय ठेवायची फळी जिथे जुळतात ती जागा तपासा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पुढे-मागे हलवा. हाताला टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो ती बेअरिंगची जोडणी, सैल आहे. तो आवळून मिळेल, पण आवळायची रीत कोणती ते विचारा. स्वस्त स्कूटरमध्ये फोर्कच्या नळीला बाहेरून आटे असतात आणि त्यांवर नट बसवलेले असतात. उड्यांच्या हादऱ्यांनी हे नट सारखे ढिले होतात, आणि एकदा आटे गेले की फोर्कच बदलावा लागतो. चांगल्या जोडणीत आतला बोल्ट सगळं दाबून धरतो आणि बाहेरून क्लॅम्प आवळतो. नवशिक्यांच्या स्कूटरवर बहुधा ‘आयएचसी’ नावाची जोडणी येते. मुलांना ती पुरते. क्लॅम्पला किमान दोन बोल्ट हवेत.

दांडा पोलादी घ्यावा, क्रोमोली पोलादाचा मिळाला तर उत्तम. आडव्या आणि उभ्या नळीच्या सांध्यावरचं वेल्डिंग सगळीकडून सारखं भरलेलं आहे ना, हे बोट फिरवून पाहा.

चाकं बहुधा १०० किंवा ११० मिलिमीटरची असतात. कोणतीही चालतील, पण गाभा ॲल्युमिनियमचाच हवा. प्लास्टिकचा गाभा धक्क्याने तडकतो. विक्रेते बेअरिंगचा ‘एबेक’ आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात. तो आकडा अचूकता सांगतो, धक्का सोसायची ताकद सांगत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

माप घेताना मुलाला बरोबर न्या. फळीवर उभं राहिल्यावर हँडल साधारण कमरेपाशी यायला हवं. ‘पुढे दोन वर्षं पुरेल’ म्हणून उंच दांडा घेतला तर मुलाला स्कूटर उचलताच येत नाही आणि साधी उडीही जमत नाही. हँडल थोडं उंच असलंच, तर पोलादी दांडा खालून कापून घेता येतो. मात्र क्लॅम्पसाठी खालच्या टोकाला चीर असेल तर तीही तेवढीच वाढवावी लागते.

पहिल्या पंधरवड्यात बोल्ट थोडे सैल होतातच. आधी क्लॅम्प ढिला करा, मग आतला बोल्ट आवळा, हँडल सरळ करा आणि शेवटी क्लॅम्प आवळा. उलट क्रमाने केलं तर खडखड जात नाही. पावसाळ्यात स्कूटर भिजली तर चाकं पुसून कोरडी करा, नाहीतर बेअरिंग गंजतात.

स्कूटरसाठी पैसे काढाल तेव्हा हेल्मेटचेही त्यातच धरा. ‘ईएन १०७८’ ही खूण असलेलं हेल्मेट घ्या. हे युरोपीय मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट चालवणाऱ्यांच्या हेल्मेटसाठी आहे.