होडी घेण्याआधी बसून बघा

विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर नवऱ्याच्या बरोबरीनं जाळं टाकणाऱ्या बाया आपल्या गटांत आहेत. अशाच एका ताईंच्या घरून आमच्याकडे होडीसाठी कर्ज मागितलं. जुनी लोखंडी पत्र्याची होडी तळाला गंजली होती. ॲल्युमिनियमच्या दोन होड्या त्यांनी बघून ठेवल्या होत्या. एक १० फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट बुडाची. दुसरी १२ फुटी, अरुंद, पुढून निमुळती. भाऊंना दुसरी आवडली होती. जाळं ओढणाऱ्या ताईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही दोघांनाही दोन्ही होड्यांत बसवलं.

निमुळती होडी लाटा कापत जाते, वल्हवायला हलकी पडते. रोज लांबवर पैलतीराला जायचं असेल तर ती बरी. पण ताई जाळं ओढायला एका अंगाला वाकल्या आणि होडी लगेच कलली. सपाट होडीत त्या निवांत वाकल्या. ती काठच्या उथळ पाण्यातही चालते. मात्र वारं सुटलं की तिच्यावर लाटा आपटतात. अशा दिवशी पाण्यात जायचंच नाही.

आता वजनाचं बघू. एवढ्या सपाट होडीत साधारण ८० किलो वजन चढलं की ती एक इंच खाली बसते. माणसं, ओलं जाळं, मासळी असं सगळं धरून हिशोब करा. भरल्या होडीचा काठ पाण्याच्या वर निदान एक वीत राहिला पाहिजे.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तेव्हा होडी चिखलातून ओढताना हे कळतं. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. अशा वर्षी होडी महिनोन् महिने कोरड्यात पडून राहते. लाकडी होडीच्या फटी उकलतात, लोखंडी गंजते. ॲल्युमिनियमची तशीच टिकते. फक्त तिला तांब्या-पितळेचे खिळे किंवा स्क्रू मारू नका, त्या जागी धातू खाल्ला जातो. चीर गेली तर दारं-खिडक्या जोडणाऱ्याचं साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गॉन वेल्डिंग लागतं. ते जवळ कुठं होतं, हे आधीच विचारून ठेवा.

बसायच्या फळीखाली फोम भरलेला आहे का, तेही बघा. पाणी भरलं तरी त्यामुळे होडी तरंगत राहते. आणि माणशी एक लाइफ जॅकेट हवंच, लेकरांना त्यांच्या मापाचं. त्याचे पैसे आम्ही कर्जातच धरले.

शेवटी भाऊच म्हणाले, “जाळं तीच ओढते, तिला जमेल तीच घेऊ.” सपाट होडी घरी आली. मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर कागदावर सही करण्याआधी घरातल्या बाईला होडीत बसवा.