कॅबिनेटमधली हवा

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा अधिकृत सपोर्ट संपला. विंडोज 11 तर टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप नसलेल्या किंवा आठव्या पिढीआधीच्या बहुतेक इंटेल मशिनला अधिकृतपणे घेत नाही. लगोलग माझ्या ओळखीच्या एका क्लासचालकाने लॅबमधली सगळी जुनी मशिन वजनावर भंगारात काढली. त्यातल्या कित्येक कॅबिनेटमध्ये पंखे मी बसवले होते. मशिन चालू होती, पंखेही फिरत होते. उन्हाळ्याने मेली असती तर मला एवढं लागलं नसतं.

नांदेड-लातूरमध्ये संगणक आले त्या पहिल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बँकेत, एखाद्या कॉलेजात, एसी लावलेल्या खोलीत, चपला बाहेर काढून बघायची ती वस्तू होती. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, 2001 मध्ये एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा सुरू झाली आणि संगणक एसीतून निघून शटरच्या गाळ्यांत, पत्र्याखाली आले. गरमीचा प्रश्न तिथून सुरू झाला.

फेब्रुवारी 2004 मध्ये इंटेलने पेंटियम फोरचा प्रेस्कॉट प्रोसेसर आणला. पेंटियम थ्री साधारण तीस वॅटमध्ये भागवायचा, प्रेस्कॉटची काही मॉडेलं 115 वॅटपर्यंत गेली. एवढी उष्णता जेमतेम एक चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून निघायची. कॅबिनेट मात्र जुन्याच साच्यातली: मागे 80 मिलिमीटरच्या पंख्यापुरती जाळी, पुढे फ्रंट पॅनलआड पत्र्याला पाडलेली बारीक भोकं आणि हवेसाठी खाली एक फट. वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत हे चालून जातं. मे महिन्यात नांदेडचा पारा 43 ओलांडतो आणि पत्र्याखालच्या गाळ्यात त्याहून वाईट हाल असतात. पंखा खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. खोलीच 42 अंशांवर असेल तर हीटसिंक त्याच्या वर तीस-पस्तीस अंश चढतो. दुपारी तीनच्या सुमारास मशिन आधी मंद व्हायचं, मग आपोआप बंद पडायचं.

गिऱ्हाईक म्हणायचं, ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा.’ दुकानदार फॉरमॅट मारून पैसे घ्यायचा, संध्याकाळी गार हवेत मशिन चालू करून दाखवायचा आणि दुसऱ्या दुपारी ते पुन्हा बंद. अशा दुकानांवरचा माझा राग आजही गेलेला नाही. हीटसिंकला हात लावून बघायला काय लागत होतं? साइड कव्हर काढून समोर टेबल फॅन लावायला सांगणारेही तेवढेच दोषी. त्याने प्रोसेसर थोडा निवायचा, पण पुढून मागे जाणारा प्रवाह तुटायचा आणि सगळी धूळ थेट मदरबोर्डवर बसायची.

आम्ही काय करायचो ते नीट सांगतो, कारण आता ते करणारं फारसं कोणी उरलं नाही. आतून लॉक दाबून फ्रंट पॅनल काढायचं. पत्र्याची ती बारीक भोकं बरीच हवा अडवतात, म्हणून तेवढा भाग पत्र्याच्या कात्रीने कापून गोल मोकळा करायचा आणि कडेला कानस मारायची, नाहीतर वायर सोलली जाते. 80च्या पंख्याचे स्क्रू 71.5 मिलिमीटरवर, 120च्या पंख्याचे 105वर, त्यामुळे मोठा पंखा लहान जागी बसत नाही. त्यावर तोड होती. सीडी ड्राइव्हचे तीन खण रिकामे असले की त्यांच्या उंचीत 120चा पंखा नेमका मावतो. अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून तो तिथे कसायचा. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर दोन बाण असतात, एक पाती कुठे फिरतात त्याचा, दुसरा हवा कुठे जाते त्याचा. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. दोन्ही पंखे आतच हवा मारताहेत अशी कॅबिनेट मी लातूरला खूप उघडली आहेत.

मदरबोर्डवर पंख्याची पिन मोकळी नसेल तर एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, चार पिनांच्या प्लगमधून वीज घ्यायची: पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5, काळ्या दोन अर्थच्या. आवाज नको म्हणणाऱ्या घरी पंखा पिवळ्या आणि लाल वायरमध्ये जोडला की 7 व्होल्टवर शांत फिरायचा. शेवटी पुढच्या फटीशी उदबत्ती धरायची. धूर आत ओढला जाऊन मागून निघाला की स्क्रू आवळायचे.

पंखे सिकंदराबादहून, चिनॉय ट्रेड सेंटरमधून यायचे. स्वस्तातले उन्हाळ्यात कोरडे पडून घरघरायला लागत. मग मागचं स्टिकर उचलून शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडायचा.

धूळ हा वेगळाच विषय. लातूरच्या आडतीतलं टॅलीचं मशिन उघडलं की हीटसिंकच्या पात्यांत तुरीचा पिवळसर भुसा गच्च बसलेला असायचा. नांदेडला जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू. म्हणून पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून बसवायचं आणि महिन्याला झटकायचं. कूलरसमोर ठेवलेल्या मशिनची अवस्था सर्वांत वाईट. ओलसर हवेत धुळीचा चिखल होतो आणि तो ब्लोअर मारूनही सुटत नाही.

2006 मध्ये 65 वॅटचा कोअर टू ड्युओ आला, तेव्हा आमच्यातलेच काही म्हणाले की आता जादा पंख्यांचं काम संपलं. प्रोसेसर निवला, उन्हाळा कुठे निवला? भारनियमनात खोलीतला पंखा तासन् तास बंद, वीज आली की तापलेल्या खोलीत लगेच मशिन सुरू. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा कूलरमध्ये ओतायला पाणी कुठून येणार? त्या उन्हाळ्यात पुढे-मागे पंखे असलेली मशिन तग धरून राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नंतरची वर्षं लॅपटॉपची आणि मोबाइलची. आज पुन्हा डेस्कटॉप बांधायला मुलं येतात याचा आनंद आहे, पण कॅबिनेट बघून जीव तुटतो. समोर अखंड काच, तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे, आणि हवेला वाट कडेच्या बोटभर फटीतून. पंख्याबद्दल विचारलं तर दुकानात पहिला प्रश्न रंगाचा. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो, आणि तेही 43 अंशांच्या गावात.

त्या क्लासचालकाला मी सांगितलं होतं, या मशिनवर लिनक्स उत्तम चालेल, टायपिंगला, इंटरनेटला काही अडणार नाही, नको असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या. त्याला लॅब नवीन दिसायला हवी होती. नवी मशिन त्याच पत्र्याखाली आली आहेत, काचेच्या तोंडाची. जाळीचं तोंड असलेली कॅबिनेट त्याच किमतीत मिळतात. एप्रिलच्या आत काचेची बदलून ती घ्या, असं मी त्याला पुन्हा सांगणार आहे.